दोन जीबीचं कार्ड

दांडिया बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

“सलील, आता तरी सांग. बाबांचं कार्ड रिकामं कसं झालं?”

“ताई, माझ्या लहानपणच्या व्हिडिओगेमचा बॅकअप घेत होतो. ते मशीन सारखं मेमरी फुल्ल दाखवत होतं.”

“मग नवं कार्ड आणायचं.”

“आणलं ना! मोठं कार्ड ते ओळखतच नाही. दोन जीबीचंच लागतं, आणि ते हल्ली अख्ख्या बडोद्यात मिळत नाही.”

“म्हणून बाबांच्या फोनमधलं काढलंस?”

“तो डबडा फोन वापरतं कोण?”

“बाबा. नंदेसरीच्या कंपनीत गणपतीला त्यांनी म्हटलेली पदं होती त्यात. रोज सकाळी कानाशी धरून ऐकायचे.”

“मला काय माहीत? मशीननं विचारलं फॉरमॅट करू का, मी हो म्हटलं.”

“गेम वाचला तुझा?”

“हो. सगळ्या लेव्हल परत आल्या.”

“वा! पेढे वाट.”

“टोमणे नको मारूस. चोरून नाही घेतलं. बाबांना विचारून, त्यांच्यासमोर काढलं.”

“काय म्हणाले?”

“काहीच नाही. नको होतं तर नको म्हणायचं.”

“कशानं म्हणतील रे? ऑपरेशनमध्ये गळा गेला त्यांचा. होता तेवढा आवाज त्या कार्डात होता.”

“बेन, वार लागशे,” आतून दुकानदार म्हणाला; कार्डातलं परत मिळतंय का बघायला वेळ लागणार होता. “बेसो.”

बहीण बसली नाही. भाऊ बसला.

“मग मान तरी हलवायची होती त्यांनी.”