सत्तरीचा प्रवास

सान्नी : ...आणि एकोणीसशे अडुसष्टला टँगोची पहिली तबकडी. बरोबर ना, रायलीबाई?

रायली : सदुसष्टला. अडुसष्टला ती खपली. तुमच्या पेपरवाल्यांना खपल्याशिवाय काही दिसत नाही. वेलचीपाव घे, गार होतोय.

सान्नी : घेते. मग एकाहत्तरला टाम्पेरे शहरातल्या रंगमंचावर पहिली मोठी भूमिका.

रायली : आणि तुमच्याच समीक्षकानं लिहिलं, 'गळा आहे, पण हातांचं काय करावं हे बाईंना कळत नाही.' त्या दिवसापासून माझ्याबद्दल छापलेलं एक अक्षर मी वाचलेलं नाही.

सान्नी : बाप रे! बरं, पुढे तीन सिनेमे.

रायली : अडीच म्हण. तिसऱ्यात मी बर्फात मरून पडलेली आहे, तीही पाठमोरी.

सान्नी : आणि टीव्हीवर अकरा वर्षं पोस्टवाली लेम्पी! माझी आजी अजून तुम्हाला लेम्पीच म्हणते.

रायली : सगळेच म्हणतात. बाजारात मासेवाला विचारतो, 'लेम्पी, माझं पत्र आलं का?' इतकी वर्षं घसा फोडून गायले ते कुणाच्या लक्षात नाही, लेम्पीची सायकल तेवढी आहे. चालायचंच.

सान्नी : आता शेवटचं. पंचाहत्तरीच्या मजकुराखाली नेहमीची ओळ लागते. वाढदिवशी 'घरी' छापू की 'प्रवासात'?

रायली : प्रवासात.

सान्नी : अरे वा! कुठे निघालात?

रायली : कुठे निघतेय! पडदे ओढून इथेच बसणार. 'प्रवासात' छापलं की कुणी दार वाजवत नाही. मग आलं नाही म्हणून कुणाला बोल लावायला नको.

सान्नी : असं काय करता? 'घरी' छापलं की अर्धं गाव न बोलावता फुलं घेऊन येतं.

रायली : साठीला आलं होतं. बादल्या पुरल्या नाहीत फुलांना. सत्तरीलाही मी 'घरी'च सांगितलं होतं. तीन केक केले, चाळीस कप मांडले, निळा झगा घालून सकाळी अकरापासून खुर्चीत बसले. संध्याकाळी सहाला कप परत कपाटात. एकही उष्टा नव्हता.

सान्नी : कुणीच नाही आलं?

रायली : इमारतीची देखभाल करतो तो आला, नळ बघायला. म्हणाला, 'तुम्ही इथे कशा?' म्हटलं, 'राहते मी इथे.' त्याला केक दिला.

सान्नी : ताउनोही नाही आले? तुमच्या प्रत्येक तबकडीवर अकॉर्डियन त्यांचाच आहे.

रायली : त्याचं नाव काढू नकोस. आठवड्यानं फोन केला आणि विचारतो काय, 'काय गं, प्रवास कसा झाला?' जन्मभर माझ्या शेजारी उभं राहून वाजवलं, आणि असा टोमणा मारावा! आदळला मी फोन. पुन्हा त्याचा उचललाच नाही. बाकीच्यांशीही बोलणं सोडलं. दोन वर्षांपूर्वी गेला तो. दफनालाही गेले नाही मी.

(सान्नी फायलीतलं एक कात्रण काढते, वाचते आणि टेबलावर उलटं ठेवते.)

रायली : काय आहे ते?

सान्नी : तुमच्या सत्तरीचं कात्रण. बाई, मी तेव्हा पेपरात नव्हते...

रायली : वाच.

सान्नी : 'गायिका आणि अभिनेत्री रायली वुओरेला सोमवारी सत्तर वर्षांच्या होत आहेत. वाढदिवशी प्रवासात.' ...आमच्याकडून चूक झाली. सगळ्यांना वाटलं, तुम्ही गावात नाही.

रायली : पुन्हा वाच. नुसतं शेवटचं.

सान्नी : 'वाढदिवशी प्रवासात.'

रायली : म्हणजे तो खरंच विचारत होता.

सान्नी : हो.

रायली : तीन वर्षं त्याचा फोन येत होता गं. नाताळला, माझ्या वाढदिवसाला. मी इथेच बसून असायचे आणि वाजू द्यायचे.

सान्नी : माफ करा, बाई.

रायली : तू तरी काय करणार? लिही. घरी.

सान्नी : नक्की?

रायली : यायचा तो आता येणार नाही. पण 'घरी' छापा.