इंटरव्यूची पंगत

माहं गाव तेल्हाऱ्याकडचं. नाव महादेव, पन गावात माद्या म्हनलं तरच मी मांग पाह्यतो. शायेत गेलो तवा मास्तर म्हने, तू बाहीर बस, तू हसवतं अन् पोट्टे शिकत नाईत, तं बाहीर बसलो, थो आजपरेंत बाहीरच हाय. काय सांगू तुमाले, अंगठा सोडून मले कायी लिवता येत नाई, अन् थो अंगठा बी इस्त्यानं भाजेल, आधारच्या मशिनीत उठतच नाई. मशीन म्हनते हा मानूस नाई. बायको म्हनते, मशीन हुशार हाय.

काम म्हनान तं रोडग्याचं. कोनाची तेरवी, कोनाचा नवस, वावरात पंगत असली का मले बलावते, गवऱ्याचा हारा पेटवाचा, इस्तो झाला का कनकीचे गोये, म्हंजे रोडगे, त्याच्यात भाजाचे, अन् फुकत राहाचं, फुकत राहाचं, धूर निरा छातीत. मंग खोकला लागला. डाक्टर म्हने, महादेवभाऊ, धूर सोडा आता. मी म्हनलं, साहेब, बिडी तं सोडली, आता बायको बी सोडू का, थे बी चुलीवरच रांधते. डाक्टर हासला नाई. थो हासला नाई तवाच मी भेलो.

तशात आयकलं का अकोल्याले एका संस्थेच्या वसतिगृहात सैपाक्याची पर्मनंट जागा निंगाली. गॅसवरचा सैपाक, धुराचं नाव नाई. शेवंता, माही बायको, म्हने, हात जोडते, जा, अन् तथी तोंड बंद ठेवजा.

गेलो. आमी पाच-सात जन होतो. मॅनेजर म्हने, सैपाक्याले तोंडी काय इचाराचं, त्याचा इंटरव्यू हाताचा असते, उद्या बार्शीटाकळीकडं अध्यक्षसाहेबाच्या वावरात या, रोडगे, वरन, वांग्याची भाजी करून दाखवा, ज्याच्या हाताले चव त्याले जागा.

दुसऱ्या दिवशी वावरात गवऱ्याची रास पाह्यली अन् म्हनलं, साहेब, इंटरव्यूले इतल्या गवऱ्या? मॅनेजर म्हने, कमेटी मोठी हाय. मले बी वाटलं, मोठी संस्था, मोठी कमेटी. बाकीच्याईनं दुपारपरेंत ओयखलं, एकेक जन सटकला. पातूरचा एक बुडा मले म्हने, अबे चाल, इंटरव्यू नाई हा, फुकटची पंगत हाय. म्हनलं, तू जाय बाप्पा. माही अक्कल पाहा राजेहो, एकेक जन जाये तसा मी खुश होये का एक गडी कमी झाला, अन् त्याईचं काम बी मीच करो.

संध्याकायी गाड्या आल्या. अध्यक्षसाहेबाच्या नातवाची जावळं काढेल होती, त्याचं जेवन. मॅनेजरले इचारलं, साहेब, याच्यात कमेटी कोनती? थो म्हने, तू वाढाचं पाह्य.

वाढलं. खोकत खोकत वाढलं. एका बाईनं नाकाले पदर लावला तं मी तोंडाले दुपट्टा बांधला. पंगतीत एक गडी बसेल, शर्टाले कडक इस्त्री. साहेब सोता म्हने, याले नीट वाढ रे, हा आपला वसतिगृहाचा नवा सैपाकी, बाईसाहेबाच्या माहेरचा. माहा हात तुपाच्या भांड्यात. आता पानावर बसल्या मानसाले आखडून वाढत नसते आपल्याकडं, तं मी त्याचा रोडगा कुस्करून तूप सोडलं, अन् म्हनलं, अजून एक घ्या भाऊ, लाजू नका. थो म्हने, काका, भाजी भल्ली मस्त झाली, मले तं चहा बी करता येत नाई. खरं बोलनारा मानूस. त्याचा राग नाई आला मले.

मंग साहेबाले गाठलं. म्हनलं, साहेब, माह्या इंटरव्यूचं? थो म्हने, पास झाला ना तू, सगयाईनं बोटं चाटले, पुढच्या पंगतीले बी तुलेच बलावतो. सगये हासले. मी बी हासलो, सवय हाय. हासता हासता असा ठसका लागला का वावराच्या कडंच्या धुऱ्यावर जाऊन बसलो. थुकलो तं लाल. म्हनलं, पान खाल्लं असन. पान मी खातच नाई.

घरी शेवंता म्हने, लागली का नोकरी? म्हनलं, लागली, पन दुसऱ्याले. तिनं मले पानी देल्लं.

आता पंगतीले आमी दोघं जातो. हारा शेवंता फुकते, मी लांब बसून हुकूम सोडतो, म्हनतो, पाह्य, झालो का नाई मी बी अध्यक्ष. थे हासते. परवा इस्त्याजवय बसल्या बसल्या थे खोकली. मंग पुन्यांदा खोकली. मले कायी गंमत सुचली नाई.

जाऊ द्या. तुमच्या घरी गॅस असन ना? देव थो तसाच राहू देवो.