नळीतली पोकळी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील आजचे सत्कारमूर्ती, काकू आणि समोर बसलेले माझे सगळे सहकारी, आपणा सर्वांना नमस्कार.

आपल्या चाचणी विभागाचे काका आज निवृत्त होताहेत. दिसेल ती वस्तू वाकवून बघायची त्यांची खोड, म्हणून पाठीमागे त्यांना आपण 'वाकवेकाका' म्हणतो. हसू नका, त्यांना ठाऊक आहे!

नऊ वर्षांपूर्वी मी इथे नवखी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध पाजायची एक बारीक, मऊ नळी आपण बनवत होतो. वाकल्यावर तिचं काय होतं, हे कॉम्प्युटरवर तपासायचं काम माझ्याकडे होतं. वस्तू म्हणजे असंख्य बारीक गोळ्या मानायच्या, शेजारच्या गोळ्यांमध्ये काल्पनिक बंध घालायचे आणि ते किती ताणतात, किती वाकतात याचं गणित मांडायचं. पडद्यावर माझी नळी काय सुरेख वाकायची! 'कुठेही अडथळा नाही' असा अहवाल लिहून मी मोकळी झाले. दुसऱ्याच दिवशी मंजुरीची बैठक होती.

दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. नमुन्याची नळी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली आणि सिरिंजने पाणी सोडलं. थेंबही बाहेर आला नाही.

"अगं, तुझ्या पडद्यावर पाणी जातं का?"

मला राग आला. "काका, तुम्ही फार जोरात वाकवलीत."

"असेल. बाळ मात्र बेतानेच वाकवेल, नाही का?"

ते गेल्यावर मी गणित उघडलं आणि चूक दिसली. गोळ्यांची मी एकच रांग मांडली होती, माळेसारखी. नळीच्या आतली पोकळी मांडलीच नव्हती. नसलेली पोकळी बंद कशी होणार?

धावत चाचणी विभागात गेले. "काका, साहेबांना सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? चूक तुझी आहे, तूच सांग."

बैठकीत मी सांगितलं. मंजुरी थांबली. मी गोळ्यांची कडी करून, कड्याला कडं जोडून नळी पुन्हा मांडली. भिंत थोडी जाड केली. आज ती नळी बाळांच्या उपयोगी पडते आहे.

पण अध्यक्षमहोदय, त्या बैठकीत आपण म्हणालात, "स्वतःची चूक स्वतः शोधणारी माणसं विरळा," आणि माझी पाठ थोपटलीत. मी गप्प राहिले. काका समोरच बसले होते, तेही गप्प राहिले. पुढे मी विभागप्रमुख झाले. एकदा धीर करून विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "नळी सुधारली ना?" काकूंच्या चेहऱ्यावरून दिसतंय, घरीसुद्धा त्यांनी हे सांगितलेलं नाही.

म्हणून आज सभेसमोर सांगते: ती चूक काकांनी शोधली होती. त्या बैठकीच्या इतिवृत्तात तशी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. आणि काका, आभार मानायला मला नऊ वर्षं लागली, तेवढं तुम्ही पोटात घाला.