दामूच्या वाटचं दूध

नळावर कानावर पडलं, "आपल्या बुवापाड्यातल्या दामूला कारखान्यात दूध चोरताना पकडलं, आणि..." तेवढ्यात सांगणारीची बादली भरली अन् ती निघून गेली. मला कुठला धीर! थेट दामूचं दार गाठलं.

"भावजी, नोकरी गेली?"

"नाही हो वहिनी. रंगाचा वास बाधू नये म्हणून आम्हा रंगाऱ्यांना रोज दूध देतात. माझ्या वाटचं मी पोरीसाठी डब्यात लपवून आणायचो. परवा चक्कर येऊन पडलो, तेव्हा सापडलं. आता साहेब समोर उभे राहून पाजतात."

"म्हणजे स्वतःचंच दूध चोरलंत?" मी पुरती चक्रावले. "बरं, दुधाने चक्कर तरी थांबली ना?"

"छे! ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून खिडक्या बंद असायच्या. त्या उघडल्या, तेव्हा थांबली."