मलिद्याआधी

हायम: दार लावून घे, डेबोरा. आणि काका-काका करून गोड बोलू नकोस आज.

डेबोरा: बसा तरी. चहा टाकते.

हायम: नको. हे यूट्यूबवरचं चॅनल तुझंच ना? ना नाव, ना चेहरा. आवाज असा बदललाय की बाई बोलते की बुवा, तेही कळत नाही.

डेबोरा: माझंच कशावरून?

हायम: 'आम्ही काळे इस्राएल' म्हणून सुरू होतं! अगं, आपल्या ज्यूंमधलं गोरे-काळे कधीच संपलं. पनवेलीत प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना मारामार, आणि तू मढी उकरतेस.

डेबोरा: संपलं ते तुमच्या गोऱ्या घरात, काका. आमची कुणी खापरपणजी बाहेरच्या धर्मातली, तेवढ्यावरून आम्ही काळे. आजोबांना सिनेगॉगमध्ये पार मागे बसवायचे.

हायम: आणि मी तुझ्या मावशीशी लग्न केलं ते? अख्ख्या भावकीशी भांडून केलं!

डेबोरा: ते कोण नाही म्हणतंय?

हायम: मग परवाच्या व्हिडिओचं काय? म्हणे नव्या सुनेला शुक्रवारच्या किद्दूशचा, आशीर्वादाच्या द्राक्षरसाचा पेला तोंडाला लावू दिला नाही, सासूनं उरलेला घोट वाटीत ओतून दिला. अगं, ते आमच्याच स्वयंपाकघरात झालं. तिघंच होतो आम्ही.

डेबोरा: तुम्ही काय बोललात तेव्हा?

हायम: आईपुढे काय बोलणार? विषय बदलू नकोस. आई गेली. मी कुणाजवळ बोललो नाही. तुझ्या मावशीला, निरीतला तर अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन शब्द जुळवता येत नाहीत. म्हणजे तिनं आधी कधीतरी तुला सांगितलं, आणि तू आता चव्हाट्यावर मांडलंस. आजारी बाईचं!

डेबोरा: एवढं घाबरायला काय झालं?

हायम: रविवारी मलिदा आहे. निरीत वाचावी म्हणून प्रेषित एलियाहू हन्नाबीला नवस बोललो होतो. इस्रायलच्या अशदोदहून बहीण आलीये. सगळे गोड पोहे खातील आणि माझ्याकडे बघतील. त्याच्याआधी बंद कर ते पेज.

डेबोरा: ते माझं नाहीच, तर बंद कशी करू?

(बेल वाजते.)

हायम: कोण आलं? तुझ्या टोळीतलं कुणी?

डेबोरा: ये, मावशी. काका आलेत, ते बंद करायला सांगतात.

हायम: निरीत? तू तर रोज तळ्यावर चालायला जातेस ना?

निरीत: इथं... येते.

डेबोरा: डॉक्टरांनी रोज बोलायला सांगितलंय, काका. मी नुसता रेकॉर्डिंगला फोन धरते. एकेका वाक्याला कधी सगळी सकाळ जाते. अडखळणं मी कापते. आवाज बदल, असं तिनंच सांगितलं.

हायम: कुणाला घाबरून? मला? निरीत, घरी नुसती मान हलवतेस. माझ्याशी का नाही बोललीस?

निरीत: तुमी... पे...

हायम: पेल्याचं ना? अगं, आई तशीच होती—

निरीत: नाही. पे...

हायम: पेन? पाणी? डेबोरा, पाणी आण, घसा सुकलाय तिचा.

निरीत: थांबा. मला... बोलू द्या.

हायम: बरं. बोल.

निरीत: पेज... बंद नाही. रविवारी... मीच सांगणार. माझ्या... आवाजात.

हायम: मलिद्याला? सगळ्यांसमोर?

निरीत: तुमच्या... शेजारी बसून.