झाडलेली बाग

...आणि वर मलाच विचारतो, "नुकसान किधर है, काका?" अहो, तुम्हाला सांगतो, सरकारी माणूस यायचा म्हणजे बाग झाडायला नको का?

मी राहतो शहरात, गौलीगुड्यात, द्राक्षबाग माझी शहराबाहेर, मेडचलकडे. रात्री गारा पडल्या, पहिल्या बसने गेलो, तर मांडव आडवा. आणि खाली गारा अजून विरघळायच्या होत्या, हिरवे मणी, पांढरे मणी, सगळे एकमेकांत, वर कोवळं ऊन... वाटलं, बेगम बाजारातली खडीसाखरेची पोती कुणी इथं आणून फोडलीत. हळहळायचं विसरलो, नुसता बघत राहिलो.

शेजारचे बागवाले हणमंतराव म्हणाले, सरकार मदत देणार आहे, परवा महसूल खात्याचा गिरदावर येऊन नुकसान लिहून नेणार. मदत मिळाली तर नवे खांब, नव्या तारा. नाही मिळाली तर बाग विकायची, दुसरा रस्ता नाही. घरी येऊन सांगितलं, तर आमची जयवंता म्हणते, "अहो, पाहुणा यायचा आणि हा असा पसारा? काय म्हणेल तो?"

बरोबरच आहे. माणूस यायचा म्हणजे झाडायला नको का? सडका माल पुरला, मोडक्या काड्या बांधापलीकडे टाकल्या, बांबूचे टेकू लावून मांडव उभा केला, हिनं सडा घातला, रांगोळी काढली...

गिरदावर आला. पोहे खाल्ले. वर बघितलं. फाटक्या पानांतून ऊन गळत होतं, त्याच्या टकलावर कवडसे हलत होते, तोही नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "क्या बाग है!" मी म्हटलं, साहेब, पडली होती, आम्ही उभी केली. तर म्हणतो, "खड़ी है उसको गिरी कैसा लिखूँ?"

माणूस वाईट नव्हता. जाताना हळूच म्हणाला, गिरा के रक्खो काका, कल फिर आतूँ.

संध्याकाळी कोयता घेऊन मांडवाखाली गेलो. काय सांगू तुम्हाला... मोडलेल्या काडीतून पाणी ठिबकत होतं, एकेक थेंब, झोपेत कुणी पुटपुटावं तसं. कोयता बाजूला ठेवला. जरा टेकलो. डोळा लागला. सकाळी गिरदावर आला तेव्हा बाग उभी आणि मी आडवा. आणि हिनं, तुम्हाला सांगतो, पहिली बस धरून येऊन पुन्हा रांगोळी काढलेली! माणूस यायचा म्हणजे... जाऊ द्या.

काल बाग विकत घ्यायला प्लॉटवाला आला. तिकडे म्हणे कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार, कॉलन्या होणार. त्यानं मांडव बघून तोंड वाकडं केलं. "ये सब उखाड़ना पड़ता काका, वेल, खांब, सब. उत्ता पैसा काटतूँ."

मी मान हलवली. एवढी माणसं येऊन गेली, पण माझ्या बागेत नुकसान दिसलं ते एकट्या त्यालाच.