उद्या तुम्ही बसायचं

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

“उद्या सणाचा स्वयंपाक मी करणार, जाऊबाई. तुम्ही सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं.”

“वीस माणसांचं मीठ जमेल का तुला?”

“नाही जमलं तर नावं ठेवा. पण बसून ठेवा.”

“अगं, तीस वर्षांत मी कधी बसले नाही. गरम कोण वाढणार?”

“माझ्या पहिल्या सणाला तुम्ही तीनदा गरम वाढलंत मला. आणि मागून एकट्याच गार जेवलात. मी दारातून बघितलं होतं.”

“लक्षात आहे तुझ्या?”

“म्हणून उद्या मी वाढणार.”

“आणि तू कधी जेवणार?”

“सगळ्यांचं झाल्यावर.”

“मग मी अर्ध्या पोटीच उठेन. उजवा हात धड आहे माझा, तुला गरम वाढायला.”